पीच आणि माझं नाक

मंगळवार, रात्री साडेदहा

आज फळांच्या वासाचा परफ्यूम लावून ऑफिसला गेले. मी! मावशीनं दिलेली बाटली चार महिने कपाटात पडून होती. गुलाबी काच, सोनेरी झाकण, बघूनच वाटायचं की हे कॉलेजच्या पोरींचं काम. मला आपले लाकडाचे, जरा कडवट वास आवडतात. पण नेहमीची बाटली काल संपली आणि सकाळी हीच हाताला लागली.

एक फवारा मनगटावर, एक मानेवर आणि स्कार्फवर मिळून. पहिला भपकारा आला तो चक्क नेलपॉलिश रिमूव्हरचा. मग त्यातूनच नासपती वर आली. तसं ते नातं खरंच आहे म्हणा. फळांना वास देणारी एस्टर नावाची रसायनं आणि रिमूव्हरमधलं इथाइल ॲसिटेट एकाच घरातली. ही नासपती वीसेक मिनिटांत उडाली आणि मागे राहिलं पीच, जड, सायीसारखं.

हे पीच फळातून आलेलं नसतं. संत्र्याची साल पिळली की तेल निघतं, पीचचं तसं काही नाही. त्याचा वास प्रयोगशाळेत बनतो, नाव गॅमा-अनडेकालॅक्टोन. परफ्यूमवाले त्याला ‘अल्डिहाइड सी-१४’ म्हणतात. नावावरून वाटेल चौदा कार्बनचं अल्डिहाइड, पण अल्डिहाइड हा रसायनांचा वेगळाच गट. हे त्यातलं नाही आणि यात कार्बनही अकराच! गेर्लँ या फ्रेंच कंपनीच्या ‘मित्सुको’ परफ्यूममध्ये ते १९१९ सालीच वापरलं होतं. म्हणजे मी ज्याला पोरकट म्हणून नाक मुरडत होते, ते शंभरी उलटून गेलेलं आहे.

दहा वाजता मनगट हुंगलं तर काहीच नाही. उडाला वाटतं, म्हणून वॉशरूममध्ये जाऊन आणखी तीन फवारे मारले. इथेच चुकलं. वास कुठेही गेला नव्हता, माझं नाक त्याला सरावलं होतं. जागेवर येऊन बसते न बसते तोच शेजारचा म्हणाला, “कुणी च्युइंगम खातंय का?” मी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. मीटिंगमध्ये खिडकी उघडली गेली. कुणी उघडली ते मी पाहिलं नाही, पाहायचं धैर्यच नव्हतं.

घरी येऊन आंघोळ केली, दोन तास त्या वासापासून लांब राहिले आणि मग खुर्चीवरचा स्कार्फ सहज नाकाला लावला. गोडवा पार निवला होता. खाली कोरडं लाकूड, थोडी कस्तुरी आणि पीचची नुसती साय. हे तर माझंच! सकाळपासून याच्यावरच तर मी फवारे मारत सुटले होते.

उद्या एकच फवारा, तोही रात्रीच स्कार्फला मारून ठेवायचा. आधी आतल्या बाजूला बघायला हवं, डाग पडायचा नाहीतर. स्कार्फही मावशीचाच आहे.