उद्या सहाला काँक्रीट

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काँक्रीटची पहिली गाडी येणार होती. मी चेकलिस्ट घेऊन स्लॅबवर चढलो. सळया उचलून धरणारे कव्हर ब्लॉक आणि चेअर, बीमच्या सळयांभोवतीच्या रिंगा, सगळं जागेवर. फक्त कॉलमलगत एका बीमपाशी प्लंबिंगचा फोरमन १६० मिलिमीटरची स्लीव्ह (पाइप बीममधून जावा म्हणून आधीच बसवायची नळी) हातात घेऊन नुसता उभा होता.

"बसत नाही, साहेब."

बसणार कशी? कॉलमजवळ शिअर, म्हणजे बीम कापू पाहणारा जोर, जास्त, म्हणून तिथे रिंगा १०० मिलिमीटरवर. रिंग कापायला स्ट्रक्चरल कन्सल्टंट परवानगी देणार नाही, देऊही नये. प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर मात्र लाइन नेमकी तिथूनच. दोन्ही ड्रॉइंगांवर 'तपासले' म्हणून माझीच सही. सुटी पाहिली तर दोन्ही बरोबर. एकावर एक ठेवून कुणी पाहिलीच नव्हती.

"कधी कळलं तुला?"

"रिंगा बांधल्या तेव्हाच. तीन दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"मागच्या स्लॅबला बोललो होतो. तुम्ही म्हणालात, तुझं काम तू बघ."

म्हणालो होतो खरा. गंमत अशी, की बॅलार्ड आणि हॉवेल यांच्या 'लास्ट प्लॅनर' या बांधकाम-नियोजनाच्या पद्धतीवर मीच ऑफिसात प्रेझेंटेशन दिलं होतं: ज्याच्या हातात काम, त्यानेच नियोजनात बोलायचं, वगैरे.

गाड्या रद्द केल्या. चारही एजन्सींच्या लोकांना मेल न करता थेट त्या बीमपाशी बोलावलं. स्लीव्ह बीमच्या मधल्या भागात सरकवायची ठरली, तिथे रिंगा २०० वर होत्या. त्यापायी लाइन १.२ मीटरने लांबली. १:६० च्या उताराने पाइप २० मिलिमीटर आणखी खाली गेला आणि एसीच्या डक्टला टेकला. एरवी एसीवाल्याने "आमचं ड्रॉइंग मंजूर आहे" म्हणून हात झटकले असते. तिथे उभं राहून त्याने टेप लावली आणि स्वतःच म्हणाला, डक्ट रुंद करून उंचीला कमी करतो. संध्याकाळपर्यंत कन्सल्टंटने स्लीव्हभोवती जादा सळया दाखवून मान्यता दिली. ओतकाम दोन दिवस लांबलं. त्याबद्दल मी वरून काय ऐकलं, ते सोडा.

खरी युक्ती निघाली सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखालचा साचा उभारणाऱ्या, मिस्त्रीकडून. प्लाय अंथरल्यावर, सळई यायच्या आधी, प्रत्येकाने आपापली लाइन आपापल्या रंगात प्लायवरच खरी मापं घेऊन आखायची. जिथे दोन रंग एकमेकांना छेदतील तिथे फुली, आणि फुली सुटल्याशिवाय सळई वर चढवायची नाही. पुढच्या स्लॅबला खडूने करून पाहिलं. शटरिंग ऑइल आणि बुटांनी दुपारपर्यंत सगळं पुसलं. मग स्प्रे पेंट आणला.

शटरिंग उतरवल्यावर निळ्या-पिवळ्या रेघा स्लॅबच्या तळाला छापलेल्या निघाल्या. आर्किटेक्टने नाक मुरडलं. एसीवाल्याचा पोरगा मात्र शिडीवर चढून त्याच पिवळ्या रेघेवर हँगरची भोकं पाडायला लागला होता.