आधी दगड, मग केबल

बर्लिनमध्ये साइट इंजिनिअरची नोकरी म्हणजे फुटपाथ खोदणं आणि पुन्हा बुजवणं. श्योनेबर्गमधल्या एका गल्लीत फायबर केबलच्या आखणीत तीन श्टॉल्परश्टाईन, म्हणजे फुटपाथमध्ये बसवलेले स्मृतिदगड, आले आणि मुकादमाने मशीन बंद केलं. ही जागा तो हातानेच उकरणार होता.

नाझींनी ज्यांचा छळ केला, जीव घेतला, त्यांच्या शेवटच्या, स्वतःच्या मर्जीच्या घरासमोर हे दगड बसवतात. त्यातले बरेचसे ज्यूंचे. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं; २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा दगड बसला. काँक्रीटचा ठोकळा, वर दहा सेंटिमीटरचा चौकोनी पितळी पत्रा, त्यात हाताने ठोकलेली अक्षरं.

मुकादम गुडघ्यांवर बसून छिन्नीने कडेचे बारके दगड सुटे करत होता. मी फोटो काढून क्रम टिपत होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी चपला घालून तरातरा खाली आल्या. "कुठे नेताय यांना?" कागद दाखवले तेव्हा कुठे शांत झाल्या. त्यांची शंका रास्तच; २०१२ साली ग्राइफ्सवाल्ड शहरातले सगळे दगड एका रात्रीत चोरीला गेले होते.

तिन्ही दगड एकाच कुटुंबाचे. नवऱ्याच्या दगडावर हद्दपारीची तारीख १ मार्च १९४३, बायकोच्या दगडावर २ मार्च. दोघांचीही रवानगी आउशवित्झच्या मृत्युछावणीत. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या दिवशी कशी? आजी म्हणाल्या, दोघं वेगवेगळ्या कारखान्यांत वेठबिगार होती. २७ फेब्रुवारीला पोलिसांनी ज्यू कामगारांना थेट कामावरूनच उचललं. घरी कुणी परतलंच नाही. तिसरा दगड मुलीचा. तिला १९३९ मध्ये इंग्लंडला पाठवलं, ती वाचली. दगडांत तरी कुटुंब एकत्र असावं म्हणून वाचलेल्यांचेही बसवतात.

म्युनिकमध्ये सरकारी फुटपाथवर हे बसवू देत नाहीत. मेलेल्यांच्या नावावर पाय पडू नयेत, असं तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लोख यांचं म्हणणं. कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला ते समजतं. तरी दगड फुटपाथवरच असावेत असं माझं मत. भिंतीवर पाटी असती तर आमची केबल खालून निघून गेली असती आणि आजी काही जिने उतरल्या नसत्या.

केबल टाकून झाल्यावर फोटो बघून, त्याच क्रमाने, लेव्हल लावून दगड बसवले. आजी पितळ घासायची पेस्ट घेऊन हजर! मुकादमाने हात जोडले. "मॉर्टर ओलं आहे हो, उद्या घासा."