साबणाचं सामान किराण्याच्या दुकानातच मिळालं

घरी साबण करायचं मनात आलं तेव्हा आधी ऑनलाइन सामान पाहिलं. शिया बटर, ऑलिव्ह ऑइल, लॅव्हेंडरचा अर्क, सिलिकॉनचे साचे. एवढं सगळं घेतलं असतं तर माझी वडी बाजारातल्या चांगल्या साबणापेक्षाही महाग पडली असती. ‘साबणासाठी खास’ असं लेबल लागलं की भाव चढलाच. म्हणून ती यादी बाजूला ठेवली आणि साबणाला नक्की लागतं काय, ते पाहिलं. तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी. बाकी सगळी हौस.

खरा खर्च तेलाचा. खोबरेलाने वडी कडक होते, फेसही भरपूर येतो, पण ते जास्त झालं की अंग कोरडं पडतं. त्यात २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव असे भडकले की त्याला हात आखडता घेणं भागच होतं. आता माझं प्रमाण ठरलंय: ५०० ग्रॅम तेलात खोबरेल १५०, पामोलिन २००, राइस ब्रान १०० आणि एरंडेल ५०. पामोलिनची पिशवी वाण्याकडे मिळते आणि सगळ्यांत स्वस्त. एरंडेल मात्र मेडिकलमधून घेऊ नका. तिथल्या इवल्याशा बाटलीचा भाव लिटरमागे काढून बघा, म्हणजे कळेल. सुटं तेल विकणाऱ्या घाऊक दुकानात तेच बरंच कमी दरात मिळतं. लाकडी घाण्याचं खोबरेल जेवणात जरूर वापरावं. साबणात त्याचा वास फारसा उरत नाही, मग पैसे कशाचे मोजायचे?

कॉस्टिक सोड्यासाठी रसायनांच्या दुकानात गेले.

“कशाला पाहिजे ताई? मोरी तुंबलीय?”

“नाही हो, साबण करायचाय.”

“मग हे फ्लेक्स न्या. आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यात टाकू नका.”

सल्ला अगदी खरा. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. मी स्टीलचं भांडं वापरते. मोरी साफ करायची तयार पावडर स्वस्त दिसली तरी घेऊ नये, तिच्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं. आणि पोतं उघडंच पडलेलं असेल तर तिथून सुटा सोडा घेऊ नका. तो हवेतली ओल ओढतो, पापुद्रे एकमेकांना चिकटतात, आणि मग वजन करताना सोड्याबरोबर पाणीही तोललं जातं. इथे ग्रॅमचा हिशोब असतो. वरच्या तेलांना, ५ टक्के तेल साबण न होता मोकळं राहील अशा बेताने, साधारण ७१ ग्रॅम कॉस्टिक आणि त्याच्या दुप्पट पाणी लागतं. त्यामुळे ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, रबरी हातमोजे आणि डोळे झाकणारा चष्मा यांवर मी काटकसर केली नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही.

साच्यांसाठी पुण्याच्या बोहरी आळीत फिरून आले, चांगले प्लास्टिकचे डबे बघितले आणि शेवटी घरातलेच श्रीखंडाचे रिकामे डबे काढले. रंगासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा आणि मुलतानी माती, दोन्ही थोडीथोडीच. हळद घरचीच. ती मिश्रणात पडली की पिवळी राहत नाही, लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू होतं, तसंच. वड्या सुकता सुकता तो लालपणा उतरून फिकट नारिंगी रंग राहतो. सुगंधी तेलं मी अजून घेतलेली नाहीत. त्यांचे भाव बघून बिनवासाचा साबणच आवडायला लागलाय.

वड्या निदान चार आठवडे हवेशीर जागी सुकवाव्या लागतात, नाहीतर पाण्यात भराभर विरघळतात.

दिवाळीच्या तळणीचं उरलेलं तेलही वाया घालवत नाही. फडक्यातून दोनदा गाळून त्याचा फरशी-पायपुसण्यांसाठी वेगळा साबण करते. रंगाने मळकट होतो आणि चकलीचा वास थोडा राहतोच, पण त्याला खर्च फक्त कॉस्टिकचा.