अमेरिकन सिटिझनशिपचा माझा अनुभव: गाडी अडली ती २२० दिवसांवर

मागच्या आठवड्यात ओथ, म्हणजे नागरिकत्वाची शपथ, झाली एकदाची. ओळखीतल्या दोघीतिघींचे अर्ज आता जायचेत, त्यांनी विचारलं म्हणून लिहायला बसले, पण खरं सांगायचं तर त्या एका कागदाचा राग अजून डोक्यातून जात नाहीये. एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, ऑनलाइन भरला, ७१० डॉलर भरले, बोटांचे ठसे झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

इंटरव्ह्यूही छान चालला होता. माझा अर्ज २० ऑक्टोबर २०२५ च्या आधीचा, त्यामुळे मला इतिहास-नागरिकशास्त्राची जुनी टेस्ट होती, १०० प्रश्नांच्या यादीतले दहापर्यंत विचारतात आणि सहा बरोबर आले की थांबतात. (त्या तारखेपासून पुढच्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी आहे, वीसपर्यंत विचारतात, बारा यायला लागतात, तेव्हा तुमची तारीख आधी बघा.) माझे पहिले सहाच्या सहा बरोबर आले. राज्यघटना कधी लिहिली, १७८७. फ्रान्सकडून १८०३ मध्ये कुठला प्रदेश घेतला, लुइझियाना. मी मनात म्हटलं झालं आता, आणि तेवढ्यात ऑफिसरने माझ्या परदेशवाऱ्यांची यादी उघडली आणि एका ओळीवर पेन ठेवलं. २२० दिवस.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी सांगलीला गेले होते. तीन आठवड्यांत येते म्हणून बिनपगारी रजा टाकली आणि सात महिने राहिले. त्यांना परत बोलायला शिकवणं, चमचा धरायला शिकवणं, त्यात दिवस कोण मोजतंय? पण नियम असा आहे की अर्जाआधी पाच वर्षं इथे सलग रहिवास लागतो, आणि त्या काळात एका वारीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तुमचा इथला सलग रहिवास तुटला असं धरून चालतात, आणि तो तुटला नाही हे तुम्ही दाखवायचं असतं. वर्षाच्या वर गेलात तर प्रकरण आणखी अवघड. ऑफिसरने 'डिसिजन आज नाही' असं लिहिलेला कागद दिला आणि पुरावे पाठवायला ३० दिवस. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही. वडिलांना काय झालं होतं हे मी सांगायला लागले तर म्हणाले ते लेखी द्या.

पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. नंतर नुसता संताप. मी इथे टॅक्स भरतेय, नवरा आणि मुलगी पूर्ण वेळ इथे न्यू जर्सीत, घराचं भाडं एक महिना चुकलं नाही, आणि वडिलांच्या उशाशी बसले म्हणून मी इथली नाही? हा पाच वर्षांचा आकडा आणला कुठून, हे दिवस मोजायचं कुणी ठरवलं, असं मी त्या रात्री बाबांना फोनवर तावातावाने विचारलं. बाबा हायस्कूलात इतिहास शिकवायचे. आता शब्द सावकाश येतात, पण सनावळी जशीच्या तशी आहे. म्हणाले, "अगं, चिडतेस काय, शोध ना. कायदा आहे म्हणजे त्याला साल असणार."

मग दिवसा कागद गोळा करायचे आणि रात्री हे शोधायचं, असे वीस दिवस गेले. टेस्टसाठी मी जे कार्डांवरून पाठ केलं होतं त्यात यातलं काहीच नव्हतं.

पहिलं सापडलं ते १७४०. ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा, अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये आलेल्या परक्या लोकांना ब्रिटिश प्रजा करून घेण्याचा. अट काय, तर सात वर्षं वसाहतीत राहिलेलं हवं आणि त्या काळात एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर गेलेलं नको! मी वाचून उठूनच बसले. दोन महिने, शिडाच्या जहाजांच्या काळात. शिवाय प्रोटेस्टंट चर्चमध्ये विधी केल्याचा दाखला. ज्यूंना आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना त्यातून सवलत होती, कॅथलिकांना दारच बंद. बाबांना सांगितलं तर लगेच म्हणाले, "१७४०, रावेरखेडी, थोरले बाजीराव." तेव्हापासून आमचा खेळच झाला, मी इकडचं साल सांगायचं, त्यांनी तिकडचं.

१७७३ मध्ये राजाने वसाहतींच्या गव्हर्नरांना हुकूम दिला की परक्यांना नागरिक करून घेणारे स्थानिक कायदे मंजूर करू नका. बाबा म्हणाले नारायणरावांचा खून, ऑगस्टमध्ये. त्याच डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. आपल्याला 'टॅक्स जास्त होता म्हणून लढले' एवढंच पाठ करायला सांगतात, पण १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध जी तक्रारींची यादी आहे ना, तिच्यात परक्यांच्या नागरिकत्वाचे कायदे तो अडवतो हीसुद्धा तक्रार आहे. मूळ मजकूर वाचा, फार मोठा नाही. मला तो कागद पहिल्यांदा माझा वाटला.

हो, मध्येच सांगते, टॅक्स रिटर्नची कॉपी नको, सरकारकडून येतो तो टॅक्स ट्रान्सक्रिप्ट द्या, त्यांना तो पटतो.

राज्यघटनेने नागरिकत्वाचा देशभर एकच नियम करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला दिला. त्याआधी प्रत्येक राज्याचं आपापलं होतं. पहिला कायदा २६ मार्च १७९० चा, फक्त दोन वर्षं रहिवास. पण कुणासाठी, तर 'मुक्त गोऱ्या' माणसासाठी. हे वाचल्यावर माझा पाच वर्षांवरचा राग जरा वेळ बाजूलाच राहिला. ही गोरेपणाची अट इतकी टिकली की १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांना त्याच शब्दावरून नागरिकत्व नाकारलं, आणि आपल्या लोकांना दार उघडलं ते १९४६ मध्ये.

माझी पाच वर्षं आली १७९५ च्या कायद्यातून. (खर्ड्याची लढाई.) परदेशी सरदारकी-पदव्या सोडायची अटही तेव्हाचीच, एन-४०० वर तो प्रश्न आजही आहे. मग १७९८ ला फ्रान्सशी तणाव वाढला आणि अध्यक्ष जॉन अॅडम्स यांच्या पक्षाने पाचाची थेट चौदा वर्षं केली, कारण नवे आलेले लोक, विशेषतः आयरिश, विरोधातल्या जेफरसन यांच्या पक्षाला मतं देत होते. त्याच उन्हाळ्यात परक्यांना हाकलायचा अधिकार आणि सरकारवर टीका केली तर तुरुंग, असेही कायदे झाले. मूळचे आयर्लंडचे मॅथ्यू लायन हे व्हरमाँटचे खासदार त्यात चार महिने आत गेले आणि तुरुंगातूनच परत निवडून आले. जेफरसन अध्यक्ष झाल्यावर १८०२ मध्ये पुन्हा पाच. बाबा म्हणाले वसईचा तह, आणि फोनवर थोडा वेळ काही बोललेच नाहीत, त्या तहाबद्दल त्यांना अजून वाईट वाटतं.

म्हणजे पाच हा आकडा कुणा ऑफिसरच्या मर्जीचा नाही, भांडून-तंडून दोन, पाच, चौदा, पाच असा ठरलेला आहे. हे कळल्यावर मला जोर आला. रडगाणं न लिहिता मुद्द्याचं लिहिलं: नोकरी सोडली नव्हती त्याचं कंपनीचं पत्र, तिकडे कुठेही कामाला लागले नाही, घराचा लीज आणि भाड्याच्या पावत्या, मुलीच्या शाळेचं पत्र, बँकेची स्टेटमेंट्स, बाबांचे डिस्चार्जचे कागद. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं सर्टिफिकेट लागतं, माझे चार दिवस त्यातच गेले. बोर्डिंग पास फेकून देऊ नका. अर्ज करायच्या आधीच सगळ्या वाऱ्यांचे दिवस मोजा, मी मोजले नव्हते, मोजले असते तर हे सगळं इंटरव्ह्यूलाच हातात घेऊन गेले असते.

विसाव्या दिवशी पाठवलं. मग शांतता. एक महिना, दोन महिने, स्टेटस तेच. चौकशीला उत्तर यायचं तेही साच्यातलं. इंटरव्ह्यूपासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर फेडरल कोर्टात जाता येतं, ही माहिती लिहून ठेवा. मी वकिलाची वेळ घेतली होती, ११२ व्या दिवशी अप्रूव्ह झालं. किचनमध्ये ओरडलेच.

ओथला शेजारी एक आजोबा होते, हात थरथरत होता, त्यांचा झेंडा मी धरला. संध्याकाळी बाबांना फोन केला तर आधी हेच विचारलं, साल कुठलं लिहिलंय सर्टिफिकेटवर, वाच. वाचलं. आता इंडियन पासपोर्ट सरेंडर करायचा, ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या कार्डाचा) अर्ज घालायचा, आणि ते आलं की सांगलीला जायचंय. या वेळी परतीचं तिकीट दिवस मोजून काढणार नाही.