खिडकीचे पडदे

हर्णे, १८ जुलै

सकाळपासून धो धो. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यामुळे बंदरावर लिलावाचा गलका नाही, नुसती समुद्राची गाज. शाळेतून आल्यावर पडवीत ‘पर्स्वेजन’ घेऊन बसले. जेन ऑस्टिन १८१७ साली आजच्याच तारखेला गेली. ही कादंबरी तिच्यामागून, त्याच वर्षाच्या अखेरीस निघाली. माझं हे तिसरं वाचन. आधी दोन्ही वेळा मी लेडी रसेलवर चिडले होते.

ॲन एलियट चौदा वर्षांची असताना तिची आई जाते. आईची मैत्रीण लेडी रसेल तिला जीव लावते. एकोणिसाव्या वर्षी ॲन आरमारातल्या वेंटवर्थला होकार देते. त्याच्याकडे ना पैसा, ना घराणं. लेडी रसेल समजावते आणि ॲन ठरलेलं लग्न मोडते. तो पंचवीस हजार पौंड कमावून परत येतो तेव्हा ती सत्तावीस वर्षांची. आणि लेडी रसेलच्या मनात तेव्हा वेगळंच: हिनं घराण्याचा वारस असलेल्या मिस्टर एलियटशी लग्न करावं, आईच्या जागी त्या घरात नांदावं. माया खोटी नाही तिची. पण ॲनकडे बघताना तिला गेलेली मैत्रीणच दिसत राहते.

आज मात्र मी बाथ शहरातल्या पडद्यांपाशी अडकले. दोघी गाडीतून चालल्यात. रस्त्याच्या कडेनं वेंटवर्थ येतोय. लेडी रसेल त्याच बाजूला टक लावून बघते. ॲनची छाती धडधडते, आता ही काय बोलणार? आणि ती म्हणते, खिडकीचे पडदे शोधत होते, मैत्रिणींनी सांगितले होते ते. खरंच पडदे बघत होती, की त्याला बघून गप्प राहिली? ऑस्टिन सांगत नाही. म्हणजे ॲनलाही तिच्या मनातलं कळत नाहीच. त्या मोडलेल्या लग्नाचा विषय दोघींनी इतक्या वर्षांत एकदाही काढलेला नाही, असं कादंबरीत आधीच येऊन गेलंय. दोनदा मी ते वाक्य नुसतं ओलांडून गेले होते. आज पुस्तक मिटून ठेवलं.

आई गेली तेव्हा काकूंनी महिनाभर रोज डबा आणला. आईच्या मैत्रीण त्या, सख्खं नातं काहीच नाही. बारावीनंतर मला मुंबईला जाऊन गणित शिकायचं होतं. काकू म्हणाल्या, “डीएड कर. घराजवळ नोकरी लागेल, बाबांकडेही बघशील.” मी केलं. शाळेवर, मुलांवर माझा जीव आहे, ते खरंच. पण अजून कुणाच्या घरी गेलो की काकू सांगतात, “हिला मुंबई कुठली मानवत्ये! घरकोंबडी आमची.” आणि मी हसते.

संध्याकाळी त्या भाजलेल्या आठळ्या घेऊन आल्या. मी त्यांना गोष्ट सांगितली.

“बरोबरच सांगितलंन तिनं,” काकू म्हणाल्या. “आईवेगळी पोर, बोटीवरच्या माणसाला कशी द्यायची? आपल्याकडे बघतेस ना, नऊ-नऊ महिने वाट बघत बसायचं.”

मी म्हटलं, शेवटी ॲनसुद्धा म्हणते की सल्ला चुकला, पण मी ऐकलं ते योग्य केलं, कारण ती मला आईच्या जागी होती. काकूंचे डोळे भरले. थोड्या वेळानं म्हणाल्या, “पण काय गो, ती मुलगी बोलली का नाही? आठ वर्षं मिठाची गुळणी धरून बसली? त्या बाईला कळणार कसं?”

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर काकूंनी आठळ्या सोलून ठेवल्या होत्या. नीट भाजलेल्या माझ्या वाटीत, करपलेल्या स्वतःपुढे.

जाताना त्यांनी पायरीवर छत्री उघडली तेव्हा म्हटलं, “काकू, उद्या याल? गोष्टीतलं नाही, माझंच एक सांगायचं राहिलंय.”