तुम्ही विचारलंत म्हणून: मी उल्का तपासतो, त्यामा सोनं शे का?

नाही. सोनं नाही. लग्नात, बारशाला, अमळनेर स्टँडवर, जिथं भेटाल तिथं हाच प्रश्न, आणि नाही म्हटलं की पुढचा, मग उल्केत गंधक शोधून तुला मिळतं काय?

घासलेल्या दगडात पितळी चमकतं ते ट्रॉयलाइट, लोखंड आणि गंधक, अणूला अणू. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवती नुसता वायू नि धूळ होती, गंधक बहुतेक हायड्रोजन सल्फाइडमध्ये. लोखंडाचे कण आधीच घट्ट झालेले, वायू निवत साधारण ४३० अंश सेल्सिअसला आला तसा त्यांच्यावर गंधक चढायला लागला. आजीचे चांदीचे पैंजण पेटीत काळे पडतात, जात तीच. झालं, हेच बघतो मी.

पण 'नाही' म्हणायला मला जड जातं ते मामांमुळे. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, पारोळ्याकडे मामांच्या शेतात नांगराला काळा जड दगड लागला, लोहचुंबक चिकटत होतं, मोबाइलवर कुणी दाखवलं की उल्का लाखांना जातात, आणि मी पोचेपर्यंत दगडाला हळदकुंकू लागलेलं, सोसायटीचं कर्ज त्यातून फिटणार हे घरात ठरलेलं. मी कापला. आत बुडबुड्यांची भोकं. उल्केत अशी भोकं जवळपास नसतातच. या दगडात ट्रॉयलाइटचा एक कण नाही. लोखंडाच्या भट्टीतला टाकाऊ मळ, स्लॅग. मामा गप्प. मामी म्हणाली, "शिकेल माणूस शे, दगड बदली टाकेल व्हई."

दुसऱ्या कुणाला दाखवा म्हणून सटकलो असतो तर? खोटं तर बोललो नाही ना मी! पण सगळ्यांसमोर, ओट्यावर सांगायची काय गरज होती, हेही खरंच.

आणि वर वायूचं सांगितलं ना, पीएचडीच्या दिवसांत मी तेवढंच छातीठोक सांगायचो. आता सांगवत नाही. गंधक एका जागी राहतच नाही, कॉन्ड्रूल, म्हणजे उल्केतले बारीक गोल मणी, वितळले तेव्हा उडाला, परत चढला, मग लघुग्रहाच्या पोटात उष्णतेनं नाहीतर पाण्यानं पुन्हा हलला. डिसेंबर २०२० मध्ये हायाबुसा-२ या जपानी यानानं र्‍युगू लघुग्रहावरून आणलेल्या मातीतलं पायरोटाइट, लोखंड-गंधकाचंच दुसरं खनिज, बरंचसं पाण्यातच तयार झालंय. मग समोरचा कण वायूतला की पाण्यातला? आमच्यात यावरून भांडणं चालूच आहेत.

खान्देशात खरी उल्का पडलीय, १८४३ ला, एदलाबादकडे मानेगावला. पण ती वितळून गेलेल्या लघुग्रहाची, बहुधा वेस्टाची, तिच्यात वायूची गोष्ट पुसली गेलेली.

दगड आणणारच असाल तर चुंबक लावू नका, आपला काळा दगडही त्याला ओढला जातो. भोकं बघा. आणि कुणाच्या शेतातला ते मला सांगू नका.