माझ्याच पलंगावर झोपताना

काल रात्री पलंगावर पडले आणि झोप लागली. कधी लागली ते आठवत नाही, आणि या न आठवण्याचाच आज दिवसभर आनंद आहे.

गेले कित्येक महिने वेगळंच चाललं होतं. बाहेर सोफ्यावर बसल्या बसल्या डोळे जड व्हायचे, मान कलायची, पुस्तक हातातून घसरायचं. मग उठून आत जायचं, दिवा मालवायचा, उशीला डोकं टेकलं की टक्क जाग. छातीत धडधड, कूस बदलली की उशीतून कानाला स्वतःच्याच नाडीचे ठोके. दुसऱ्यांकडे मुक्कामाला गेले की मात्र गाढ झोपायचे. त्यामुळे संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा: आज परत तेच होणार.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. रात्रीमागून रात्री एकाच जागी तळमळत काढल्या की मेंदू ती जागा आणि ती तळमळ एकत्र बांधून टाकतो. मग पलंग दिसला तरी शरीर सावध होतं. हे ऐकून मला रडू आलं. वेड लागत नव्हतं मला, शरीर शिकलेलं तेच करत होतं.

ही गाठ सोडवायची रीत रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली. पेंग आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. पंधरावीस मिनिटं झाली असावीत असं वाटलं आणि झोप नसली की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत. वेळ अंदाजानेच, घड्याळ बघायचं नाही. पलंगावर फोन नाही, काम नाही. दुपारची डुलकी नाही. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच.

वाचायला सोपं आहे. पण मध्यरात्री उबदार पांघरुणातून उठणं फार जिवावर येतं. मन म्हणतं, पडून राहा, निदान विश्रांती तरी मिळेल. त्या विश्रांतीत मी फक्त उद्याच्या थकव्याचा हिशोब करत बसायचे. म्हणून उठायचे. मंद दिव्यात खुर्चीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचे, मोज्यांच्या जोड्या लावायचे. पहिले काही दिवस तर आधीपेक्षा वाईट गेले, सकाळी डोळे नुसते चुरचुरायचे. पण जागरणाने झोपेची ओढ साठत जाते, आणि तीच पुढे कामी येते. ‘थकली आहेस, आज लवकर झोप’ हा प्रेमाने दिलेला सल्ला म्हणूनच मला नको वाटतो. पेंग नसताना लवकर आडवं होणं म्हणजे तळमळीला जास्त वेळ देणं.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते मात्र उलटंच काहीतरी. व्हिक्टर फ्रँकल या मानसोपचारतज्ज्ञाची कल्पना: झोपायचा प्रयत्न सोडा, अंधारात डोळे उघडे ठेवून शांतपणे जागं राहायचं ठरवा. झोप यायलाच हवी, हा हट्टच मला जागं ठेवत होता. तो सोडल्यावर धडधडही ओसरली.

हे सगळं एकटीने रेटू नये असं मला मनापासून वाटतं. दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये गोळ्यांच्या आधी अशाच वर्तनोपचाराची शिफारस केली, त्यामुळे डॉक्टरांकडे हा उपचार आवर्जून मागावा. पलंगावरचा वेळ मुद्दाम कमी करण्याचाही एक भाग त्यात असतो. फिट्स येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी तो स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

उद्या सुट्टी आहे, उशिरापर्यंत लोळायचा मोह होतोय. गजर रोजच्याच वेळेचा लावलाय.